तुमच्या हातचं पाणी

नंदनवन, नागपूर
१० डिसेंबर १९७३

सत्यवतीबाई,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिला, मनातून नाही. तुम्ही मले ओळखत नाही. मी सुभद्रा, चंद्रभान ड्रायव्हरची बायको. आता ओळखलं असन.

कार्डच टाकणार होती. पण आमचा पोस्टमन कार्ड उभ्याउभ्या वाचते अन् मग सगळी गल्ली वाचते, म्हणून हे निळं बंद पत्र आणलं. सातवी शिकली आहे मी. चुका काढत बसू नका, मास्तरीण असल्या तरी.

दिवाळीच्या आधीपासून आमचे हे दर रविवारी सकाळी निघतात ते दिवे लागायच्या वेळेले येतात. कुठं जाता म्हटलं तं "येतो" म्हणतात. एवढंच. मले वाटे, डेपोत जात असतीन. काल जेवाले बसले अन् माझी नजर यायच्या नखांवर गेली. नखं हिरवीकाळी. तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या की होतात ना, तशी. अहो बाई, माझ्या घरी या माणसानं आजवर एक शेंग सोलली नाही. सोलेभात ताटात पडला की खायचं, एवढंच माहीत. त्यातून हैजा-कॉलऱ्याच्या साथीपासून तं कशाले हात लावत नाहीत, अन् लावला की कार्बोलिक साबणानं सालटं निघेपर्यंत धुतात. तो माणूस कोणाच्या घरी शेंगा सोलून राहिला, म्हटलं.

रुपरावनं सांगितलं. आमच्या गल्लीतलाच आहे, रामटेकले देवाले आला होता. तुमच्या ओसरीवर हे बसले होते, मांडीवर सूप, अन् बोलून राहिले होते. नुसतं हो-नाही नाही, गोष्टी सांगून राहिले होते. तुम्ही पाणी दिलं तं प्याले अन् वरून आणखी मागितलं.

पाण्याचं ऐकलं अन् माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हैज्यानंतर हे माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. गडवा समोर धरला की तोंड फिरवतात अन् नळावर जाऊन ओंजळीनं पितात. भांडण नाही, कारण नाही. अन् तुमच्या हातचं बरं चालते.

तुमचा नवरा याच साथीत गेला हे मले माहीत आहे. वाईट झालं. पण आपला गेला म्हणून दुसरीचा घ्यावा, असं काही शास्त्रात लिहिलं नाही.

उत्तर देजा. हे ड्यूटीवर असतात तेव्हा टपाल येते.

सुभद्रा


नंदनवन
२४ डिसेंबर

सत्यवतीबाई,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर छापल्यासारखं आहे, त्याचाही राग आला.

तुम्ही लिहिता, "दर रविवारी माझ्या ओसरीवर पाच-सहा जण बसतात. हैज्यात ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून शेंगा सोलतो. चंद्रभानभाऊ येतात, तशा तुम्हीही या."

भाऊ म्हटलं की झालं का बाई? मी काही बिछान्याचं बोलून नाही राहिली. तसं असतं तं मी रामटेकले येऊन तुमच्या दारात उभी राहून भांडली असती, अन् भांडणात मी कोणाले हरत नाही. पण हा माणूस तुमच्याकडं येऊन बोलते. बोलण्याशी कसं भांडायचं, ते सांगा.

माझ्या घरी काय आहे ते ऐका मग. रेडिओवाल्यानं श्रावणातच सांगून टाकलं, साथ आटोक्यात आली. हा हैजा म्हणे जगभर फिरून राहिला आहे, बंगाल झालं, आफ्रिका झाली. कुठं किती गेले ते सगळं सांगते तो. जे मागं राहिले त्यायचं काय, हे काही सांगत नाही. आमचे हे सरकारची साथीची गाडी चालवत होते, पार रामटेकपर्यंत. घराघरांतून माणसं उचलायची अन् शाळेत कॅम्प केला होता तिथं न्यायची. साथ संपली, गाडी धुतली, हे घरी आले अन् तोंडाले कुलूप लागलं.

अन् पाण्याचं वेड. घरातला गुंड, गंज, गडवे, पोळ्यांचा डबासुद्धा पाण्यानं भरून ठेवतात. भंगारवाल्याले हाक मारून पाणी पाजतात, कुत्र्यापुढं परात ठेवतात. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात. आमच्या घरी सगळे कळसे काठोकाठ भरलेले अन् माणूस प्याले रामटेकले जाते.

मी काय हातावर हात ठेवून बसली नव्हती. रामदासपेठेत मोठ्या डॉक्टरकडं नेलं. चांगला माणूस होता. म्हणाला, साथीनंतर असे रोज येऊन राहिले बाई, कोणाले झोप नाही, कोणाचं हात धुणं थांबत नाही. झोपेची गोळी देतो, पण पोटात काही अडकलं आहे ते गोळीनं निघणार नाही, याले बोलतं करा, आमच्याकडं त्यासाठी घंटाभर बसाले माणूस नाही. मी म्हटलं, मी आहे ना. घरी आणून आठ दिवस समोर बसली. हे भिंतीकडं पाहत. यायच्या मामानं लिंबू उतरवून पाहिलं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पागलखान्यात टाका. त्या बायांशी मी अजून बोलत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते.

माझी माय बायजाबाई आखाडात माझ्याकडं आली होती, अन् इथंच तिले हैजा झाला. सकाळी लागला, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. यायनंच गाडी आणली, यायनंच उचललं. मले म्हणाले, तू पोरींजवळ राहा. तुमच्या नवऱ्याले नेलं तेव्हा तुम्हाले पुढं आपल्या बाजूले बसवून नेलं होतं म्हणे. मले नाही नेलं. मी दारातच राहिली.

मी मायचं काही कमी केलं नाही. सकाळपासून पाण्यासाठी जीव टाकत होती, पण मी एक थेंब दिला नाही. हैज्यात पाणी म्हणजे जहर, पोटात गेलं की दुप्पट होऊन निघते, हे लहानपणापासून ऐकलेलं. गाडीत घातलं तेव्हाही यायले बजावून सांगितलं, कितीही मागो, पाणी देऊ नका. तरी ती गेली. कॅम्पात पोचायच्या आधीच गेली. जाळलं कुठं, तेही दुसऱ्या दिवशी कळलं.

रस्त्यात ती काय बोलली? माझं नाव घेतलं का? मी यायले विचारून विचारून थकली. हे उठून नळावर जातात. अन् रुपराव सांगते, तुमच्या ओसरीवर हे "सासूबाई" म्हणून काही सांगून राहिले होते अन् डोळे पुसून राहिले होते.

माझी माय होती बाई. तिचं शेवटचं बोलणं तुमच्या ओसरीवर सांगितलं जाते अन् मी इथं भांडी घासून राहिली. मले दुसरं काही नको. नवरा ठेवा तिकडं रविवारभर. माझी माय काय बोलली, तेवढं लिहून पाठवा.

सुभद्रा


नंदनवन
१५ जानेवारी १९७४

सत्यवतीबाई,

"ते चंद्रभानभाऊंचं आहे. त्यांनीच तुम्हाला सांगावं. मी मध्ये पडणार नाही." किती छान लिहिता तुम्ही. मध्ये पडणार नाही म्हणे. मध्येच तं बसल्या आहा तुम्ही, पाट टाकून.

परवाच्या रविवारी मी रामटेकले आली होती. यायची बस गेली अन् मी मागच्या बसनं निघाली, पोरी गोपिकाकडं ठेवून. गोपिका म्हणजे आमच्या बाजूची, तिचं पोट्टं लहान आहे, ती घरीच असते. तुमच्या घरासमोर एक बोरं विकणारी बसते. तिच्याजवळ बोरं निवडायचं सोंग करत मी बसून राहिली. निवडून निवडून ती बाई कंटाळली.

मले वाटलं होतं, तुम्ही गोऱ्यागोमट्या, नाजूक असान. तुम्ही तं माझ्याहून मोठ्या निघाल्या. चष्म्याले दोरा बांधलेला, समोरचा एक दात नाही. खरं सांगू, देखण्या असत्या तं बरं झालं असतं. देखणीपुढं हरली म्हणून मी माझं मन समजावलं असतं. तुम्ही काहीच करत नव्हत्या. शेंग सोलायची, दाणे सुपात टाकायचे, मान हलवायची. अन् आमचे हे बोलून राहिले होते. हातवारे करून. लग्न नवं होतं तेव्हा बोलत तसे. बाजूच्या म्हाताऱ्यानं काही म्हटलं तं हसलेसुद्धा.

मग तुम्ही आतून गडवा आणला. यायनं तोंड वर केलं अन् प्याले. रस्त्याच्या अलीकडून मले यायचा कंठ हललेला दिसला. छातीत जळतं लाकूड फिरवल्यासारखं झालं. बोरं तिथंच टाकली अन् स्टँडवर आली.

काल संक्रांत झाली. गल्लीतल्या बायांना मी वाण वाटलं, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांनाही दिलं. तुमच्यासाठी मात्र काढून ठेवायचा प्रश्नच नव्हता. कुंकू पुसलेल्या बाईले वाण देत नाहीत. हे मी मुद्दाम लिहून राहिली. तुम्हाले लागावं म्हणून.

तीळगूळ घ्या असं लिहीत नाही.

सुभद्रा


नंदनवन
११ फेब्रुवारी

सत्यवतीबाई,

मागच्या पत्राचं तुम्ही उत्तर दिलं नाही. बरोबर केलं. ते पत्र फाडून टाकजा.

अक्षर वाकडंतिकडं झालं आहे, समजून घेजा.

गुरुवारी दुपारी गोपिकानं भिंतीपलीकडून हाक मारली. तिच्या पोट्ट्याले सकाळपासून हगवण अन् वांती लागली होती. मी धावली. पोट्टं तिच्या मांडीवर मोडून पडलं होतं, ओठ सुकलेले, अन् वाटीकडं हात करून राहिलं होतं. गोपिका चमच्यानं पाणी पाजून राहिली होती. मी तिच्या हातातली वाटी हिसकली. म्हटलं, काय करून राहिली वं, पाणी नको देऊ त्याले, वाढते त्यानं, मी माझ्या मायच्या वेळी पाहिलं आहे. वाटीतलं पाणी मी मोरीत ओतून टाकलं. गोपिकाची सासू पण म्हणाली, बरोबर आहे सुभद्रेचं.

आमचे हे खायले घरी आले होते. दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. एवढ्या महिन्यांत ज्यायचा चढा आवाज मी ऐकला नव्हता ते ओरडले, "पाणी दे त्याले!" असे ओरडले की गोपिकाची सासू भिंतीले टेकली. घरात जाऊन आमचा भरलेला गुंडच घेऊन आले. मीठ कुठं, साखर कुठं विचारलं, पाण्यात टाकलं, पोट्ट्याले मांडीवर घेतलं अन् चमच्या-चमच्यानं पाजत बसले. हात धुवाले उठले नाहीत. पोट्ट्यानं अंगावर ओकलं तं तसेच पाजत राहिले. म्हणत होते, "पी बापू, पी. जेवढं लागन तेवढं पी. कोणी नाही म्हणत नाही." मग रिक्षा करून दवाखान्यात नेलं, रिक्षातही वाटी हातात. तिथल्या डॉक्टरनं पाहिलं अन् म्हटलं, पाणी पाजत आणलं म्हणून हाती लागलं, हैज्यात माणूस पाणी सुकूनच मरते. पोट्टं वाचलं. आज गल्लीत रांगून राहिलं आहे.

पण डॉक्टरनं म्हणायच्या आधीच, घरातच मी ते ओळखलं होतं. "कोणी नाही म्हणत नाही" म्हणताना यायनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. चोरी उघडी पडली की माणूस पाहते ना, तसं. अन् चोरी तं यायची नव्हतीच.

बाई, मी सगळं तुम्हाले आधीच लिहिलं आहे, तुमच्याजवळ ते निळं पत्र असन. "बजावून सांगितलं, पाणी देऊ नका." मी ते तोऱ्यात लिहिलं होतं. तुम्हाले तेव्हाच सगळं माहीत होतं, अन् तुम्ही मले लिहिलं, मी मध्ये पडणार नाही.

दवाखान्यातून आले तसे हे ओट्यावर बसले. पोरींना मी आत पाठवलं. जवळ बसली अन् म्हटलं, मायनं पाणी मागितलं होतं ना. हे हो म्हणाले. मग सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं.

माय गाडीत मागं होती. मधल्या पत्र्यावर तिनं बोटांनी वाजवलं अन् म्हटलं, जवाईबापू, घोटभर द्या. यायच्या सीटखाली पाण्याची बाटली होती, नेहमीच असते. हे तिले मामी म्हणत; यायनं म्हटलं, मामी, सुभद्रेनं नाही म्हटलं आहे. तं ती म्हणाली, "बरं. तिनं म्हटलं असन तं राहू द्या. तिले समजते." नंतर वाजवलं नाही. कॅम्पात गाडी थांबली तं एक नर्स भरला गिलास घेऊन धावत आली. दार उघडलं, अन् गिलास देण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नर्सनं विचारलं, रस्त्यात पाणी पाजलं नाही का? हैज्यात पाणीच द्यायचं असते. तेव्हापासून हे बंद झाले.

मी विचारलं, मले काहून नाही सांगितलं? हे म्हणाले, "कसं सांगू? तुले कळलं असतं ना."

मले वाटत होतं हा माणूस माझ्यापासून पळून राहिला. माझ्या हातचं पाणी पाहिलं की यायले ते वाक्य आठवे, अन् ते वाक्य माझं होतं. मले कळू नये म्हणून हा माणूस मुका झाला, अन् मुका राहून मरू नये म्हणून तुमच्याकडं येत राहिला. अन् मी इथं नखं तपासून राहिली होती.

त्या दिवसापासून मी जेवली नाही असं नाही. जेवते. पोरींचं करते. पण गडवा हातात घेतला की मायची बोटं पत्र्यावर वाजतात. काल मी पण घरातली सगळी भांडी भरून ठेवली. हे पाहत होते. एक गंज रिकामा राहिला होता तो आणून दिला.

सुभद्रा


नंदनवन
१९ फेब्रुवारी

सत्यवतीबाईंना सुभद्रेचा नमस्कार. हा मनातून आहे.

तुमचं पत्र काल मिळालं. हे घरी होते, दोघांनी वाचलं. तुम्ही पण तुमच्या मालकांच्या ओठाले नुसतं ओलं फडकं लावत होत्या, हे वाचून मी मोठ्यानं रडली. तुमची सासू, तुमचे शेजारी, तुमच्या ओसरीवरचा तो म्हातारा, सगळ्यांनी आपापल्या माणसाले असंच तहानलेलं ठेवलं, जीव लावून ठेवलं. शाळा शिकलेल्या तुम्हाले माहीत नव्हतं तं मले कुठून असणार, असं तुम्ही लिहिता. ते डोक्याले पटते. बाकीच्या जीवाले पटाले वेळ लागन.

हे म्हणतात, तू चल. मी म्हटलं, आता तुम्ही माझ्याशीच बोलता, मले ओसरीची काय गरज? खरं सांगते, मले अजूनही वाटते की यायचं सगळं बोलणं माझ्या घरात, माझ्या ओट्यावर व्हावं. तुमच्यावरचा जळफळाट काही गेला नाही. आधी मी जळत होती की यायले तुम्ही मिळाल्या. आता यासाठी पण जळते की यायले कोणीतरी मिळालं अन् मले कोणी नव्हतं. अन् मायच्या बोटांचं मी यायले सांगू शकत नाही. सांगितलं की हे पुन्हा भिंतीकडं पाहतीन. जसं यायले मले सांगवत नव्हतं. ते मले तुमच्याजवळच सांगावं लागन.

म्हणून या रविवारी मी येते. शेंगांचा बहर आता सरला असन, तं चिंच फोडाले काढून ठेवजा, चिंच मी भराभर फोडते. तीळगुळाची डबी पण आणून राहिली. वाणाचं जे लिहिलं होतं त्याचं मी तिथं आल्यावर तोंडानं बोलीन, कागदावर नको.

अन् एक आधीच सांगून ठेवते, राग धरू नका. ओसरी तुमची, सूप तुमचं, गडवा पण तुमचा राहू द्या. पण तिथं यायले तहान लागली तं तुम्ही उठू नका. पाणी मी देईन.

सुभद्रा